क्रुगरमध्ये मित्रांसोबत एकच दिवस आहे, तो कसा घालवायचा

प्रश्न थोडक्यात असा की पुण्याचे पाच मित्रमैत्रिणी ऑगस्टमध्ये साऊथ आफ्रिकेला जातायत, क्रुगर नॅशनल पार्कात स्कुकुझा कॅम्पला दोन रात्रींचं बुकिंग झालंय, मधे एकच पूर्ण दिवस मिळतोय, तर स्वतः गाडी चालवायची की गाईडची घ्यायची, कुठल्या रस्त्याने जायचं आणि बिग फाईव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) एका दिवसात दिसतील का. मी मूळची नागपूरची, ताडोबा-पेंच बघत मोठी झाले, गेली चौदा वर्षं प्रिटोरियात राहते आणि त्यातली बरीच वर्षं आपल्याकडच्या लोकांचे छोटे छोटे ग्रुप घेऊन क्रुगरला जातेय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी एक हिशोब डोक्यात बसवा. आपलं ताडोबा कोअर आणि बफर धरून साधारण १७०० चौरस किलोमीटर आहे, क्रुगर साडेएकोणीस हजारांच्या आसपास, म्हणजे अकरा ताडोबा एकाला एक लावून ठेवले तर जेवढं होईल तेवढं. उत्तर-दक्षिण जवळपास ३६० किलोमीटर. एवढ्यात सिंह साधारण १६००. आता तुम्ही एका दिवसात यातलं किती बघणार? एक कोपरा. तर तो कोपरा नीट बघायचा हे आधीच ठरवून टाका, म्हणजे "सटाराला सिंह जास्त आहेत म्हणे, चला तिकडे जाऊ" असलं काही दुपारी बारा वाजता कोणी काढणार नाही. सटाराला (क्रुगरमधलाच वर उत्तरेकडचा कॅम्प) सिंह जास्त आहेत हे खरंच आहे, पण स्कुकुझाहून जाऊन येऊन तुमचा सगळा दिवस डांबरावर जाईल.

माझ्या सुरुवातीच्या एका ट्रिपला आम्ही नेमकं हेच केलं होतं. सहा जण, एक गाडी, सगळ्यांना सिंह पाहिजे. दिवसभरात २६० किलोमीटर फिरलो, आणि तिथे डांबरी रस्त्यावर ५० ची आणि मातीच्या रस्त्यावर ४० ची लिमिट असते हे लक्षात घ्या, म्हणजे अक्षरशः सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाकं फिरतच होती. दोन सिंह दिसले, गवतात झोपलेले, म्हणजे एक शेपूट आणि एक कान. मागच्या सीटवर मधे बसलेल्या मैत्रिणीला तेवढंही दिसलं नाही आणि ती संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते, क्रुगरमधला दिवस चांगला जाणार की वाईट हे प्राण्यांपेक्षा गाडीत बसलेल्यांवर जास्त ठरतं. किती हळू जाता, किती थांबता, आणि पाचही जणांना खिडकी मिळते का.

म्हणून पहिली गोष्ट गाडी. पाच जणांसाठी साधी सेडान घेऊ नका, पैसे वाचतात पण मागे मधे बसणाऱ्याचा दिवस वाया जातो, आणि सेडान बुटकी असल्याने गवताच्या वर नजर जात नाही. सात सीटची गाडी घ्या आणि सरळ दोघांना मागे बसवा. इथे मिनीबसला कॉम्बी म्हणतात, ती मिळाली तर सगळ्यात उत्तम, कारण उंच असते. डावीकडूनच गाड्या चालतात, स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, त्यामुळे चालवायची भीती बाळगू नका. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या आणि मूळ लायसन्स पण सोबत ठेवा, भाड्याची गाडी देणारे दोन्ही मागतात. आणि ड्रायव्हर दर दोन तासांनी बदला, कारण चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, तो सगळ्यात कमी बघतो, हे मित्रांमधे कोणी बोलून दाखवत नाही पण रात्री जेवताना कुठेतरी बाहेर पडतंच.

स्वतःची गाडी की गाईड, तर माझं उत्तर दोन्ही. दिवसभर स्वतःची आणि संध्याकाळी पार्कची सनसेट ड्राईव्ह, म्हणजे पार्कच्याच ट्रकमधून गाईडसोबतची फेरी. कारण सांगते. आपल्याकडे जिप्सी, गाईड आणि ठरलेली वेळ याशिवाय आत जाताच येत नाही, त्यामुळे स्वतः चालवत, स्वतः शोधत जाण्यात काय मजा असते ते आपल्याला माहीतच नसतं. इथे ती मिळते, आणि मित्रांसोबत तर नक्कीच घ्यायची. पण संध्याकाळी गेट बंद झालं की खाजगी गाडीला बाहेर राहता येत नाही, ऑगस्टमध्ये साधारण सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच. उशीर केलात तर दंड भरावा लागतो. अंधारातलं जंगल बघायचं तर पार्कच्या उघड्या ट्रकमधूनच. साळिंदर, सिव्हेट आणि जेनेट (आपल्या उदमांजराच्या कुळातले), बुशबेबी (मोठ्या डोळ्यांचा, माकडासारखा छोटा प्राणी), शिकारीला निघालेलं तरस, हे सगळं स्पॉटलाईटमध्येच दिसतं. आधी बुक करा, आयत्या वेळी जागा मिळेलच असं नाही.

आता रस्ता. स्कुकुझाहून लोअर साबी कॅम्पला जाणारा एच ४-१ नंबरचा रस्ता, डांबरी, साबी नदीच्या काठाकाठाने, साधारण ४५ किलोमीटर. एवढाच. जायचा तोच आणि यायचा पण तोच. लोकांना हे पटत नाही, त्यांना गोल फेरी पाहिजे असते, लोअर साबीहून वर त्शोक्वानेचा पिकनिक स्पॉट आणि तिथून खाली स्कुकुझा, तो रस्ता पण सुंदर आहे, मोकळं माळरान लागतं, झेब्रा आणि विल्डबीस्टचे (बैलासारखं दिसणारं मोठं हरीण) कळप असतात, पण त्यात आणखी ऐंशीपेक्षा जास्त किलोमीटर पडतात आणि मग घड्याळ बघत पळावं लागतं. ऑगस्ट म्हणजे इथला कोरडा हंगाम संपत आलेला, पाऊस ऑक्टोबरनंतरचा, आतल्या डबक्यांमधलं पाणी आटलेलं, गवत वाळून खाली बसलेलं. मग प्राणी कुठे येणार, तर वाहत्या नदीवर. तुम्ही नदीच्या काठाने हळू जायचं, बाकी प्राणीच तुमच्याकडे येतात. आणि सकाळी सातला जिथे काही नव्हतं तिथे दुपारी एकला हत्तींचा कळप उभा असतो, त्यामुळे तोच रस्ता दुसऱ्यांदा तोच राहत नाही.

सहाला गेट उघडतं तेव्हा तुमची गाडी गेटशी रांगेत पाहिजे. पाचला उठा. थंडी असते, आपल्या लोकांना आफ्रिका म्हणजे गरम असं वाटतं, पण ऑगस्टची सकाळ आठ-दहा डिग्रीची असू शकते आणि उघड्या ट्रकमध्ये तर कानटोपी, हातमोजे लागतातच. दुपारी पंचविशीच्या वर जातं, म्हणून एकावर एक घाला आणि काढत जा.

पहिल्या तासात वेग ५० ची परवानगी असली तरी २०-२५ च ठेवा. गाडीत दिशा वाटून घ्या, म्हणजे डावीकडचा डावीकडे, पुढचा रस्त्यावर आणि वर झाडांमध्ये, मागचा उलट बघणार, कारण बरेच प्राणी गाडी पुढे गेल्यावर बाहेर येतात. आणि एक नियम गाडीत बसायच्या आधीच करून घ्या, कोणीही "थांब" म्हणालं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. दगड निघाला तरी कोणी त्याला हसायचं नाही, एकदा हसलात की तो माणूस दिवसभर तोंड उघडत नाही आणि दहातले दोन डोळे कमी होतात. मी बघितलंय, बिबट्या बहुतेक वेळा त्या माणसालाच आधी दिसतो ज्याने सकाळपासून चार दगड आणि दोन ओंडके दाखवलेले असतात, कारण तो खरंच बघत असतो.

बिबट्याचंच सांगते, कारण एच ४-१ त्याच्यासाठीच ओळखला जातो. नदीकाठी मोठी जॅकलबेरीची झाडं आहेत (आपल्या तेंदूच्या कुळातलं झाड, विदर्भातल्यांना खोड बघून ओळखीचं वाटेल), त्यांच्या आडव्या फांद्या बघायच्या आणि खाली लोंबणारी शेपूट शोधायची. पण डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. ताडोबात चितळ आणि वानराचा कॉल आला की गाईड गाडी बंद करतो ना, अगदी तेच इथे. इंपाला (इथली चितळाएवढी हरणं) फुर्रकन नाकातून फुंकरल्यासारखा आवाज काढतात आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. व्हर्वेट माकडांचे तर बिबट्यासाठी वेगळा, गरुडासाठी वेगळा आणि सापासाठी वेगळा असे आवाज असतात, केनियातल्या अंबोसेलीत संशोधकांनी हे रेकॉर्ड करून परत माकडांना ऐकवून तपासलंय, बिबट्याचा आवाज लावला की माकडं झाडावर पळायची, गरुडाचा लावला की वर बघायची. जिराफ चरायचं सोडून एकटक एकीकडे बघत असेल तर तुम्ही पण तिकडे बघा, त्याच्याएवढ्या उंचीवरून त्याला काहीतरी दिसतंय.

तीन वर्षांपूर्वी इथेच, याच रस्त्यावरच्या एनकुहलू पिकनिक स्पॉटच्या थोडं अलीकडे, इंपाला ओरडत होते. आम्ही इंजिन बंद करून बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, गाड्या येऊन थांबायच्या, "काय आहे?" विचारायच्या, "अजून काही नाही" म्हटलं की निघून जायच्या, अशा सात-आठ गाड्या गेल्या असतील. आमच्यातल्या दोघांची चुळबूळ सुरू झाली होती. चाळीस मिनिटांनी समोरच्या झाडावरून, म्हणजे ज्या झाडाकडे आम्ही सगळे चाळीस मिनिटं बघतच होतो, त्याच झाडावरून बिबट्याची मादी उतरली, गाडीच्या पुढून रस्ता ओलांडला आणि नदीत उतरली. कोणी कॅमेरा उचलला नाही. ती गेल्यावर पण बराच वेळ कोणी बोललं नाही.

नाश्ता एनकुहलूच्या पिकनिक स्पॉटला. संडास फक्त कॅम्प आणि पिकनिक स्पॉटलाच आहेत, मधे कुठेही गाडीतून उतरायचं नाही, अगदी टायर बघायला पण नाही, त्यामुळे जिथे सोय दिसेल तिथे सगळ्यांनी जाऊन यायचं, लागली असो नसो. विशेषतः मुलींनो, पाणी कमी पिऊन दिवस काढू नका, दुपारी डोकं धरतं. एनकुहलूला गॅसवरची मोठी लोखंडी कढई भाड्याने मिळते, तिला इथे स्कॉटल म्हणतात, आम्ही त्यावर कांदेपोहे करतो. भिजवायची चाळणी, चिरलेला कांदा, मिरच्या, शेंगदाणे आदल्या रात्रीच डब्यात भरून ठेवायचे. नदीकाठी बसून गरम पोहे खाल्ले की थंडीने आखडलेले सगळे परत माणसात येतात. फक्त एक जण कायम डब्यांवर लक्ष ठेवायला पाहिजे. व्हर्वेट आणि बबून टेबलावरून उचलून नेतात, आणि त्यांना काहीही, अगदी एक शेंगदाणा पण द्यायचा नाही. माणसाकडून खायला शिकलेला बबून पुढे माणसावर धावून जातो आणि मग पार्कला त्याला मारावं लागतं. हे मी अगदी हात जोडून सांगते.

पुढे लोअर साबीच्या अगदी तोंडाशी सनसेट डॅम आहे, रस्त्याला लागून, गाडीतच बसून बघायचं. नाव सनसेट असलं तरी जा दुपारी. इथे किमान एक तास काढा. पाणघोडे, मगरी, पाणघोड्याच्या पाठीवर उभे राहून मासे पकडणारे बगळे, वाळलेल्या झाडांवर फिश ईगल. त्या २६० किलोमीटरवाल्या ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी आम्ही इथे नुसते बसून राहिलो होतो, थकलेलो म्हणून, आणि दोन तासांत हत्तींचा एक अख्खा कळप पाण्यावर आला, त्यात एक एवढंसं पिल्लू, त्याला सोंडेने पाणी प्यायचं अजून जमत नव्हतं म्हणून ते गुडघे टेकून तोंडानेच पीत होतं. आदल्या दिवशी न बोललेली मैत्रीण तेव्हा बोलायला लागली.

जेवण लोअर साबी कॅम्पच्या लाकडी डेकवर, खाली नदी. पेट्रोल पण इथे मिळतं.

आता हत्ती. सिंहाची सगळ्यांना भीती वाटते, पण गाडीतल्या माणसाला क्रुगरमध्ये खरं सांभाळायचं असतं ते हत्तीला. कळप रस्ता ओलांडत असेल तर लांब थांबा, आई आणि पिल्लू यांच्या मधे गाडी कधीच घालू नका, आणि शेवटचा हत्ती गेला असं वाटलं तरी दोन मिनिटं थांबा, मागे एखादं रेंगाळलेलं असतंच. एकटा नर समोरून रस्त्याने चालत येत असेल तर त्याचं गंडस्थळ बघा. आपल्याकडे गणपतीच्या वर्णनात मद झरतो म्हणतात ते इथे डोळ्यांनी दिसतं, कान आणि डोळ्याच्या मधून खाली ओला काळपट ओघळ, मागचे पाय पण लघवीने ओले, मान वर, चाल जड. असा दिसला की वाट त्याची. इंजिन चालू ठेवायचं, हॉर्न नाही, लाईट नाही, सावकाश रिव्हर्स घ्यायचा आणि मागच्या गाडीलाही हात करून मागे घ्यायला लावायचं. मी एकदा अर्धा किलोमीटर रिव्हर्समध्ये गेले आहे, मागे चार गाड्या, प्रत्येकाला समजावत. तो हत्ती आमच्याकडे न बघता बाजूच्या झाडीत शिरला. म्हणून गाडी कधीही दुसऱ्या गाडीच्या अगदी मागे चिकटवून उभी करू नका, मागे निघायला जागा ठेवाच.

बिग फाईव्ह दिसतील का? हत्ती, रानम्हशी बहुतेक दिसतील, सिंह नशीब चांगलं असेल तर, बिबट्या वर सांगितलं तसं बसलात तर, गेंडा अवघड. मुळात हा शब्द शिकाऱ्यांचा, पायी शिकार करायला सगळ्यात अवघड आणि धोक्याचे पाच प्राणी म्हणून, बघायला चांगले म्हणून नाही. त्या यादीत जिराफ नाही, पाणघोडा नाही, चित्ता नाही, रानकुत्रे नाहीत. यादी घेऊन टिक करत बसलात तर नीलपंखासारखा पण छातीला जांभळी छटा असलेला रोलर पक्षी दहा फुटांवर बसलेला असेल आणि तुम्ही पुढे निघून जाल. गोरखचिंच मात्र शोधू नका, वसईच्या किल्ल्यात आणि राणीच्या बागेत बघितलेली तीच झाडं इथली असली तरी ती पार्कच्या उत्तर भागात आहेत, तुमच्या पट्ट्यात नाहीत.

गेंड्याबद्दल थोडं थांबून सांगते. २०११ च्या सुमारास क्रुगरमध्ये दहा हजारांवर पांढरे गेंडे होते, २०२० च्या मोजणीत ते तीन हजारांच्याही खाली आले. चोरटी शिकार हे त्यातलं मोठं कारण, आणि शिंग म्हणजे आपल्या नखांसारखंच केराटिन, बाकी काही नाही. तुम्हाला दिसलेल्या गेंड्याचं शिंग कापलेलं असलं तर हळहळू नका, ते पार्कनेच भूल देऊन कापलेलं असतं त्याचा जीव वाचावा म्हणून, आणि ते परत वाढतं. कॅम्पमध्ये आज काय कुठे दिसलं त्याचा बोर्ड असतो, त्यावर गेंडा लावत नाहीत. तुम्ही पण गेंड्याचा फोटो टाकलात तर कुठे, कुठल्या रस्त्यावर ते लिहू नका, मोबाईलचं लोकेशन आधीच बंद करा आणि निदान घरी परतेपर्यंत टाकूच नका. एवढं कराच.

फोटोंसाठी कपड्याची छोटी पिशवी शिवून न्या, तिकडे गेल्यावर त्यात राजमा किंवा तांदूळ भरा आणि खिडकीच्या काचेवर ठेवून लेन्स टेकवा, इंजिन बंद, कारण त्याच्या थरथरीने फोटो हलतो. दुर्बीण पाचात किमान तीन तरी पाहिजेत, ८ बाय ४२ ची पुरते. एकच दुर्बीण पाच जणांत फिरवत बसलात तर तुमच्यापर्यंत येईपर्यंत प्राणी गेलेला असतो, आणि मैत्रीत तिथेच खटके उडतात.

सिंहापाशी पंधरा-वीस गाड्यांची गर्दी झाली असेल तर पाच-दहा मिनिटं बघून जागा सोडा, दुसऱ्यांना पण बघू द्या. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढणं, सनरूफमधून उभं राहणं हे चालत नाही. सिंहाला गाडी एक अखंड वस्तू दिसते, त्यातून माणूस वेगळा निघाला की त्याचं लक्ष वेधलं जातं.

दीडला परत निघा, साडेतीनपर्यंत स्कुकुझा. कॅम्पजवळच लेक पॅनिक म्हणून पक्षी बघायची लाकडी खोली आहे, पाण्यावर बांधलेली, तिथे अर्धा तास बोलायचं नाही असं ठरवून बसा. किंगफिशर तुमच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसतो. मग साडेचारच्या आसपास सनसेट ड्राईव्ह, नक्की वेळ बुकिंगच्या कागदावर बघा. उजाडल्यापासून उठलेले असाल, कोणीतरी पेंगणार, पेंगू दे, काही दिसलं की उठवा.

मलेरियाचा भाग आहे, ऑगस्टमध्ये पावसाळ्याएवढा धोका नसतो तरी निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांचं ठरवा आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबावरून असेल तर यलो फीवरच्या सर्टिफिकेटचं तिकीट काढायच्या आधीच तपासा, काढल्यावर नाही.

रात्री झोपडीबाहेर ब्राय पेटवून जेवण करा, ब्राय म्हणजे कोळशा-लाकडावरचं भाजणं, शाकाहाऱ्यांसाठी मक्याची कणसं आणि बटाटे आहेतच. जेवून झालं की टॉर्च घेऊन कुंपणाकडे चक्कर मारा. तरस बऱ्याचदा कुंपणाच्या पलीकडून चालत जातं, आवाज खालून सुरू होऊन वर चढत जातो, पहिल्यांदा ऐकला की अंगावर काटा येतो. टॉर्च एकच लावा आणि हातात खायचं काही नेऊ नका, कुंपणावरून हाड टाकणारे लोक असतात म्हणूनच ते तिथे घुटमळतं, तुम्ही टाकू नका आणि शेजारच्या झोपडीतलं कोणी टाकताना दिसलं तर त्यांना पण सांगा.